‘मिटवून टाका’ म्हणणाऱ्यांचं काय जातं?

अपघातानंतर रस्त्यावरच पाच हजारांत मिटवलेलं प्रकरण पुढे कित्येक वर्षं महागात पडतं. नुकसानभरपाई मागणं हा लोभ नाही, हक्क आहे. पण तो मागायला निघालं की काय काय वाट्याला येतं, हे आधीच माहीत असलेलं बरं.

धायरी फाट्यावर दुचाकीला रिक्षा घासली किंवा नऱ्ह्याच्या बाजूला टेम्पोने मागून ठोकलं, की पुढचा सीन ठरलेला असतो. गर्दी जमते. कुणी पाण्याची बाटली देतं, कुणी गाडी उचलून बाजूला लावतं. आणि तिसऱ्या मिनिटाला एक काका पुढे येतात. ‘जाऊ दे रे, मिटवून टाका. पोलीस, कोर्ट कुठे करत बसता?’ टेम्पोवाला खिशातून दोन-पाच हजार काढतो, पोरगं लंगडत रूमवर जातं. चार दिवसांनी एमआरआय होतो आणि कळतं, गुडघ्याचं लिगामेंट गेलंय. ऑपरेशन करावं लागणार. तोवर टेम्पोचा नंबरही कुणाकडे नसतो.

त्या काकांचा हेतू वाईट नसतो. पण त्यांच्या सल्ल्याचं बिल ते भरत नाहीत. ते भरतात लातूरला, बीडला, सोलापूरला बसलेले आईवडील. म्हणून म्हणणं एवढंच आहे, की जिथे माणसाला मार लागलाय, तिथे रस्त्यावर मिटवायचं नाही. मिटवायचं असेल तर नंतर, कागदावर, आणि किती नुकसान झालंय हे कळल्यावर.

बातमीतला अपघात आणि आपला अपघात

धायरीच्या शेजारचा नवले पूल आता सगळ्या राज्याला माहीत झालाय. नवीन कात्रज बोगद्यापासून खाली येणारा तो उतार आणि त्यावरून सुटलेली अवजड वाहनं. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका ट्रकने तिथे डझनावारी गाड्यांना धडक दिली. १३ नोव्हेंबर २०२५ ला दोन अवजड वाहनांच्या मध्ये एक कार चिरडली, आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला. अशा अपघातानंतर मंत्री येतात, मदत जाहीर होते, स्पीड कमी करण्याचे बोर्ड लागतात.

पण आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला येतो तो अपघात बातमीत नसतो. सिंहगड रोडवर पाय मोडतो, एक सेमिस्टर जातं, कॅम्पस इंटरव्ह्यू हुकतो. त्याची मदत कुणी जाहीर करत नाही. ती मागावीच लागते. आणि मागायची जागा आहे: मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. पुण्यात ते शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात बसतं. दावा पुण्यातच केला पाहिजे असंही नाही. अपघात जिथे झाला तिथे, तुम्ही जिथे राहता तिथे किंवा समोरचा जिथे राहतो तिथे, यातल्या कुठल्याही ठिकाणी करता येतो. म्हणजे प्लास्टर घालून गावी गेलेल्या मुलाला दर तारखेला पुण्याला यायची गरज नाही.

पैसे नक्की कुणाच्या खिशातून जातात?

‘मिटवून टाका’मागचं एक कारण आपला भाबडेपणाही असतो. टेम्पोवाला गरीब आहे, रिक्षावाल्याची पोरं लहान आहेत, कशाला त्याला गोत्यात आणायचं? ही माणुसकी चांगलीच आहे. पण रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी इन्शुरन्स कायद्याने सक्तीचा आहे, तो नेमका याच दिवसासाठी. दावा मंजूर झाला की पैसे विमा कंपनी देते. म्हणजे रस्त्यावर मिटवलं की गरीब टेम्पोवाल्याचे पाच हजार जातात आणि ज्या कंपनीने वर्षानुवर्षं हप्ता घेतला तिचा एक रुपयाही जात नाही. यात माणुसकी नक्की कुणावर दाखवली?

गाडीचा विमाच नसेल, तर मात्र गाडीमालकाकडून वसुली करावी लागते आणि ते फार अवघड जातं. म्हणून पहिल्याच दिवशी गाडीच्या नंबरचा फोटो हवा. त्यावरून विमा आहे की नाही ते काढता येतं.

पहिले तीन दिवस

दाव्याचा निकाल न्यायाधीश देतात, पण निम्मा निकाल पहिल्या तीन दिवसांत हॉस्पिटलमध्ये आणि पोलीस ठाण्यात लागलेला असतो.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर विचारतात, ‘कसं लागलं?’ सोबतचा मित्र घाबरलेला असतो. पोलिसांची कटकट नको म्हणून तो सांगतो, ‘गाडी स्लिप झाली.’ डॉक्टर तेच लिहितात. वर्षभराने विमा कंपनीचा वकील तोच कागद काढून विचारतो, की तुम्ही स्वतःच घसरून पडलात ना? मग आमच्या गाडीचा संबंध काय? तेव्हा हॉस्पिटलात खरं तेच सांगायचं: कोणत्या गाडीने, कुठे, कशी धडक दिली. अशा केसची नोंद एमएलसी म्हणून होते आणि पोलिसांना कळवलं जातं. ती नोंद झाली का, हे विचारून घ्यायचं.

मग पोलीस. बेदरकार गाडी चालवून कुणाला जखमी करणं हा दखलपात्र गुन्हा आहे, त्याचा एफआयआर होतो. साध्या अर्जावर बोळवण झाली तर एफआयआरचा आग्रह धरायचा. ऑपरेशनच्या गडबडीत दोन दिवस उशीर झाला तरी हरकत नाही. जखमी माणूस आधी उपचार घेणार, तक्रार नंतर करणार, हे सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केलंय. पण उशिराचं कारण तक्रारीत लिहिलेलं असावं.

२०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती झाली, ती आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. त्यानुसार अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनी ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा असतो. जखमीचे हक्क काय आणि पुढची प्रक्रिया कशी, हे सांगणारा छापील फॉर्म दहा दिवसांत जखमीच्या हातात पडायला हवा. सविस्तर अहवालासाठी ९० दिवसांची मुदत आहे आणि न्यायाधिकरण तोच अहवाल भरपाईचा अर्ज म्हणून हाती घेऊ शकतं. म्हणजे कागदावर तरी यंत्रणेनेच तुमच्याकडे यायचंय. प्रत्यक्षात तो हक्कांचा फॉर्म मागून घ्यावा लागतो. मागा. ‘साहेब, फॉर्म दोन द्या’ एवढं म्हटलं तरी समोरच्याला कळतं, की पोराला माहिती आहे.

उपचाराच्या पैशांचंही इथेच सांगायला हवं. मे २०२५ पासून केंद्र सरकारची कॅशलेस योजना लागू आहे. त्यात रस्ते अपघातातल्या जखमीला अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमलेल्या हॉस्पिटलांत मिळायला हवेत. ११२ वर फोन करायचा आणि अ‍ॅडमिट करतानाच या योजनेचं नाव घ्यायचं. आणि रस्त्यावर पडलेल्याला उचलून नेणाऱ्याला पोलीस किंवा हॉस्पिटल अडकवू शकत नाही, त्याला कायद्याचं संरक्षण आहे. मित्रांनो, घाबरून पळू नका.

मग सुरू होतं वाट पाहणं

आता कडू भाग. दावा टाकला आणि सहा महिन्यांत चेक आला, असं होत नाही. दाव्याचा काळ बहुतेकदा वर्षांत मोजावा लागतो. आधी समोरच्यांना नोटिसा जातात, मग विमा कंपनी लेखी म्हणणं देते. त्यात जवळपास सगळंच नाकारलेलं असतं: अपघात असा झालाच नाही, झाला तर चूक तुमचीच होती, बिलं फुगवलेली आहेत. हे वाचून पोरं हादरतात, त्यांना तो अपमान वाटतो. तो अपमान नसतो, तो ठरलेला मसुदा असतो. मनावर घ्यायचा नाही.

मग साक्ष. तुम्हाला स्वतः पिंजऱ्यात उभं राहून सांगावं लागतं आणि उलटतपासणी होते. अपंगत्वाचा दाखला ससूनसारख्या सरकारी हॉस्पिटलमधून घ्यावा लागतो. आणि नुसता दाखला जोडून भागत नाही, त्यामागचा डॉक्टर साक्षीला यावा लागतो. डॉक्टरांना वेळ नसतो, तारीख पडते. पुन्हा तारीख पडते. निकाल लागल्यावर कंपनी उच्च न्यायालयात अपील करू शकते. या सगळ्यात एकच दिलासा, की मंजूर रकमेवर न्यायाधिकरण अर्जाच्या तारखेपासून व्याज देऊ शकतं.

अर्ज करायला मात्र वेळ लावायचा नाही. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलंय आणि अंतिम निकाल लागेपर्यंत फक्त उशीर झाला म्हणून दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेश न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिलाय. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर झोपून राहण्यात शहाणपण नाही. सहा महिने म्हणजे सहा महिने, असंच धरून चालायचं.

वकिलाचं काय? ‘एक रुपया नको, निकाल लागला की तीस टक्के द्या’ असं सांगणारे भेटतील, कधी कधी हॉस्पिटलच्या दारातच. भारतात वकिलाने निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवणं आणि अशी गिऱ्हाइकं शोधत फिरणं, दोन्ही बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. मुलींना, अनुसूचित जाती-जमातींतल्यांना आणि दिव्यांगांना तिथे उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाखांची आहे.

मधेच लोकअदालतीचा प्रस्ताव येईल. तो वाईट नसतो, पैसे लवकर सुटतात. पण तिथे सही केली की अपील नाही. त्यामुळे तिथे बसण्याआधी आपला आकडा काय हे आपल्याला माहीत पाहिजे.

‘शिकतोय’ म्हणजे ‘किंमत शून्य’ नाही

स्टुडंट आहे, कमावत नाही, मग भरपाई कसली? हा प्रश्न आपणच स्वतःला विचारतो आणि गप्प बसतो. कायदा तसं म्हणत नाही.

जखमीच्या भरपाईत काय काय धरायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात नीट मांडलंय. औषधपाणी, प्रवास, खुराक, पुढचे उपचार, बुडालेली कमाई, पुढे कमी होणारी कमाई, सोसलेल्या वेदना आणि जगण्यातला हरवलेला आनंद. त्यातला कळीचा मुद्दा असा, की दाखल्यावरचे टक्के आणि कमाईच्या नुकसानीचे टक्के एकच नसतात. एक हात गेला तर सुताराचा किंवा ड्रायव्हरचा धंदाच बसतो, सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. २०२० मध्ये एका विशीतल्या टायपिस्टचा उजवा हात गेल्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. तेव्हा न्यायालयाने कमाईचं नुकसान ४५ टक्क्यांवरून ६५ वर नेलं आणि सांगितलं, की तो पुढे जी प्रगती करणार होता तीही मोजली पाहिजे.

शिकणाऱ्यासाठी अंदाजे उत्पन्न धरतात. समजा, न्यायाधिकरणाने तुमचं महिन्याचं उत्पन्न १५,००० धरलं. वर्षाचे १,८०,०००. चाळिशीच्या आतल्यांना भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरले तर २,५२,०००. १५ ते २५ या वयाला गुणक १८. म्हणजे ४५,३६,०००. कमाईच्या क्षमतेचं नुकसान २० टक्के मानलं तर ९,०७,२००. हॉस्पिटलचं बिल, वेदना, बाकी सगळं यात अजून आलेलंच नाही. आता हा आकडा रस्त्यावरच्या पाच हजारांशेजारी ठेवून बघा.

सगळ्यांना नऊ लाख मिळतील, असा याचा अर्थ नाही. हाड नीट जुळलं आणि कायमचं काही उरलं नाही, तर रक्कम बरीच कमी येईल, आणि ते योग्यच आहे. पण ती बिलांवर ठरेल, म्हणून मेडिकलची पावती, रिक्षाचं भाडं, फिजिओचं बिल, बुडलेल्या परीक्षेचं कॉलेजचं पत्र, सगळं एका फाइलमध्ये ठेवायचं. घरच्यांनी मेडिक्लेम काढला होता म्हणून भरपाई कापता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये स्पष्ट केलंय.

आपलीच चूक असेल तर?

हे बोलायलाच हवं, कारण आपण काही धुतल्या तांदळासारखे नसतो.

ट्रिपल सीट होतो म्हणून दावा आपोआप बुडत नाही. ट्रिपल सीटमुळेच अपघात झाला किंवा मार वाढला, हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलंय. हेल्मेट नव्हतं आणि डोक्याला लागलं, तर कंपनी तो मुद्दा काढणारच आणि रक्कम कमी होऊ शकते.

सगळ्यात मोठा खड्डा वेगळाच आहे, मित्राच्या गाडीचा. ‘भावा, चावी दे, डीएसके विश्वपर्यंत जाऊन आलो’ म्हणत घेतलेली गाडी स्वतःच्याच चुकीने घसरली, तर त्या गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून तुम्हाला काही मिळत नाही. कायदा तुम्हाला मालकाच्या जागी धरतो. मालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, पण तो मालकासाठी, लायसन असलेल्या. आणि मागे बसलेल्या मैत्रिणीला? गाडीला नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल, तर मागे बसलेल्याचा धोका तीत येत नाही. पॅकेज पॉलिसी असेल तर येतो. दोन पॉलिसींतला फरक काही हजारांचा असतो. पॉलिसीचा पीडीएफ आज उघडून बघा.

आणि एक गोष्ट अजिबात करायची नाही. लायसन नसलेला मित्र चालवत होता, पण ‘मीच चालवत होतो’ असं दुसऱ्याने सांगायचं, ही दोस्ती नव्हे, फसवणूक आहे. अशा बनावट दाव्यांमुळेच खऱ्या जखमींकडेही कोर्टात संशयाने पाहिलं जातं.

गाडी पळाली, किंवा गाडीच नव्हती

ठोकून गाडी पळाली आणि सापडलीच नाही, तरी मार्ग आहे. हिट अँड रनच्या योजनेत मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. कायद्याच्या भाषेत हाड मोडणं ही गंभीर दुखापतच. अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे करायचा. गाडी माहीत आहे, पण चूक कुणाची हे सिद्ध करत बसायचं नाही, तर कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला अडीच लाखांची ठरावीक भरपाई मागता येते. दोन्हीकडून पूर्ण पैसे मात्र मिळत नाहीत. कोणता मार्ग धरायचा, ते वकिलाला विचारून ठरवा.

आणि खड्डा? १३ ऑक्टोबर २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला, की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख आणि जखमीला ५० हजार ते अडीच लाख द्यायचे. त्यासाठी महापालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती. धायरीचा उरलेला भाग २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आला, शेजारचं नऱ्हे २०२१ मध्ये. ‘हा रस्ता आमचा नाही’ हे उत्तर ऐकायची आपल्याकडे सवय आहे. म्हणून खड्ड्याचा फोटो काढताना मागची पाटी, दुकान, चौक दिसेल असा काढा. हायवेवरचा खड्डा आणि गल्लीतला खड्डा यांचे मालक वेगळे असतात.

कॉलेजांनो, तुमचंही काम आहे

हे सगळं वाचून एखाद्याला वाटेल, मोडलेल्या पायाने इतकं कोण करणार? बरोबर आहे. एकट्याने होत नाही, म्हणूनच ‘मिटवून टाका’ जिंकतं.

या पट्ट्यात हजारो मुलंमुली घरापासून लांब, भाड्याच्या रूममध्ये राहतात. अ‍ॅडमिशनच्या दिवशी त्यांना अँटिरॅगिंगचं प्रतिज्ञापत्र भरायला लावतात. त्याच दिवशी एक पान अपघाताचं द्यायला काय हरकत आहे? ११२, एमएलसी, एफआयआर, फॉर्म दोन, सहा महिने. पाच शब्द. लॉ कॉलेजांना विधी सहाय्य केंद्र चालवणं नियमानेच बंधनकारक आहे आणि पुण्यात लॉ कॉलेजांचा तुटवडा नाही. त्यातल्या दोन विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ धायरीत टेबल टाकून बसावं. त्यांना प्रॅक्टिस मिळेल, आपल्याला फॉर्म भरता येईल.

पोलिसांकडून मागणं याहून सोपं आहे. नवा हक्क नको, नवा नियमही नको. ४८ तास, दहा दिवस आणि ९० दिवस हे तुमच्याच नियमातले आकडे आहेत. ते पाळा, आणि हक्कांचा फॉर्म मराठीत, न मागता द्या.

भरपाईने मोडलेला गुडघा पहिल्यासारखा होत नाही, हुकलेला इंटरव्ह्यू परत येत नाही. पण बापाने सोसायटीतून काढलेलं कर्ज फिटू शकतं, दुसरं ऑपरेशन वेळेवर होऊ शकतं, सुटलेलं वर्ष पुन्हा भरता येतं. एवढ्यासाठी दोन-चार वर्षं तारखांना जाणं परवडतं. पुढच्या वेळी गर्दीतून कुणी ‘मिटवून टाका’ म्हणालं, तर त्यांच्याशी वाद घालू नका. आधी नंबर प्लेटचा फोटो काढा.